एसबीए-१५ वर अमाइन का लावतात? नुसती भोकं पुरत नाहीत का?

थोडक्यात सांगायचं तर नाही पुरत. एसबीए-१५ म्हणजे बारीक नळ्यांनी भरलेली सिलिकाची पावडर, आणि अमाइन म्हणजे नायट्रोजन असलेला रासायनिक गट. नुसत्या सिलिकाच्या आतल्या भिंतीवर सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले ओएच) असतात, ते पाणी धरतात पण हवा तोच रेणू निवडून पकडणं त्यांना फारसं जमत नाही, ते काम भिंतीवर आपण काय लावतो त्यावर ठरतं.

एसबीए-१५ हे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराला निघालं. पी१२३ नावाचं पॉलिमर आम्लात विरघळवायचं, त्याच्याभोवती सिलिका जमू द्यायची, मग साधारण ५५० अंशांना पॉलिमर जाळून टाकायचं की मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी रचनेत सरळ नळ्या उरतात, काही नॅनोमीटर रुंदीच्या, आणि एका ग्रॅममध्ये ६००-७०० चौरस मीटर पृष्ठभाग सहज मिळतो.

आता अमाइन. एपीटीईएस (एका टोकाला अमाइन आणि दुसऱ्या टोकाला सिलिकॉनवर इथॉक्सी गट असलेला रेणू) कोरड्या टोल्युइन या द्रावकात पावडरसोबत नायट्रोजनखाली रिफ्लक्स करतात, म्हणजे वाफ थंड करून परत आत पाडत उकळतात, इथॉक्सी गट सिलॅनॉलशी जोडले जातात आणि इथेनॉल सुटतं. खरी मेख आहे ती पाण्यात, पावडर आधी व्हॅक्यूममध्ये तापवून नीट वाळवली नाही तर एपीटीईएसचे रेणू आपसातच जुळतात, गुठळ्या नळीच्या तोंडाशी बसतात आणि आतला सगळा पृष्ठभाग वाया जातो! निनहायड्रिन (अमाइन ओळखायचं रसायन) टाकलं की पावडर जांभळी होते, पण त्यावरून अमाइन आहे एवढंच कळतं, ते आत आहे की तोंडाशी हे नाही, म्हणून नायट्रोजन अ‍ॅडसॉर्प्शन कराच, नळ्यांमधली जागा किती उरली ते त्यातून कळतं. दुसरा रस्ता म्हणजे सिलिका बनतानाच एपीटीईएस घालणं, त्यात अमाइन जास्त सारखं पसरतं पण मग भट्टीत जाळता येत नाही (अमाइनही जळेल ना), पॉलिमर इथेनॉलने धुऊन काढावं लागतं आणि जास्त घातलं तर नळ्यांची रचनाच बिघडते. मी तरी पहिलाच रस्ता धरायला सांगेन.

उपयोग बरेच आहेत. कोरड्या वायूत दोन अमाइन मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कार्बामेट नावाचं संयुग करून धरतात आणि तापवलं की सोडतात, म्हणजे तीच पावडर परत वापरता येते. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध आम्लधर्मी, ते अमाइनला चिकटून हळूहळू बाहेर पडतं. अमाइनऐवजी थायॉल (गंधक असलेला गट) लावलं की पाण्यातला पारा पकडतं, मला स्वतःला हा उपयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर तांब्यापासून सुरुवात करा, कॉपर सल्फेटच्या द्रावणात अमाइनवाली पावडर निळी होते, द्रावण फिकं पडतं आणि तो फरक कॉलेजातल्या कलरीमीटरवरही (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) मोजता येतो.