ओव्हर दिल्यानंतर

प्रिय सिस्टर,

परवा नाइट संपवून घरी गेलीस आणि तीनदा आयसीयूत फोन केलास. पाच नंबरच्या आजींची नॉरॅडची, म्हणजे रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाची, सिरिंज बदलली का, हेच विचारायला. मॉर्निंगची स्टाफ वैतागली. मला मात्र माझी पहिली दोन वर्षं आठवली. एकदा मी अर्ध्या वाटेत बसमधून उतरून वॉर्डात परत आले होते.

म्हणून सांगते, ओव्हर, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्ण सोपवणं, टेबलापाशी उभं राहून देऊ नकोस. घेणारीला बेडशी ने. ट्यूब किती सेंटिमीटरवर आहे ते तिला वाचू दे, प्रत्येक पंपाचा रेट तिला मोठ्याने म्हणू दे. ५० एमएलची सिरिंज, ताशी ५चा रेट, म्हणजे किती वाजता संपेल, तेही तिच्याकडूनच वदवून घे. दहा मिनिटं जास्त लागतील, बस चुकेल. चुकू दे. घरी डोळा लागताना शंका आली, तर तिचा आवाज आठवेल.

गेलेल्या रुग्णाचा ओव्हर मात्र कुणालाच देता येत नाही. सात नंबरचे काका गेले, तू सगळ्या लाइन्स काढल्यास, नातेवाइकांना आत घेतलंस, आणि तासाभरात त्याच बेडवर नवी ॲडमिशन. अमेरिकेत व्हर्जिनियात जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने एक साधी प्रथा सुरू केली. रुग्ण गेला की बेडभोवतीच्या सगळ्यांनी क्षणभर शांत उभं राहायचं. आपणही करूया. मॉनिटर बंद कर. डॉक्टर, वॉर्डबॉय, मावशी सगळ्यांना थांबव, काकांचं नाव घे. मी करते. रडू येतंच, पण तिथेच येतं, घरी जेवायला बसल्यावर नाही.

आता त्या रात्रीबद्दल. व्हेंटिलेटरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. तुझ्याकडे तीन होते. दर दोन तासांनी कूस बदलणं राहिलं, तोंडाची स्वच्छता राहिली, आणि तू स्वतःलाच बोल लावत बसलीस. योग्य काय ते कळतं पण करता येत नाही, त्या घुसमटीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांबद्दलच लिहिताना 'मॉरल डिस्ट्रेस' हे नाव दिलं. योगाच्या एखाद्या शिबिराने ती जाणार नाही. हात वाढले तरच जाईल. त्या रात्री दुसरी स्टाफ देणं माझं काम होतं, मला ते जमलं नाही. तुझी यात चूक नाही.

पुढच्या वेळी रिपोर्ट बुकात स्पष्ट लिही: 'व्हेंटिलेटर तीन, स्टाफ एक'. वेळ टाक, सही कर. खाली माझी सही असेल आणि ती वही मी स्वतः मेट्रन मॅडमपुढे नेईन.

आज आणि उद्या तुझा ऑफ आहे. खिडकीला जाड पडदा लाव, जेवून झोप, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. परवा तुझी ईव्हनिंग. पाच नंबरचा ओव्हर मीच देणार आहे. आजींचं नॉरॅड काल दुपारी बंद झालं.

तुझी,
इन्चार्ज सिस्टर