मिसळ हरलात, पण हिशेब कुठे चुकला?

प्रश्न : सुभेदारकाका, १९ जुलै २०२५च्या लंडनमधल्या वेम्बली मैदानातल्या हेवीवेट बॉक्सिंग लढतीवर आम्ही मित्रांनी मिसळीची पैज लावली होती. ओलेक्सांद्र उसिक ३८ वर्षांचा, डॅनियल डुब्वा २७चा. डुब्वाने तोवर जिंकलेल्या २२ लढतींपैकी २१ नॉकआऊटने. दहा महिन्यांपूर्वी त्याच मैदानात त्याने अँथनी जोशुआला पाचव्या राउंडमध्ये झोपवलं होतं. मी डुब्वावर लावली आणि उसिकने त्यालाच पाचव्यात आडवा केला. सहा जणांची मिसळ माझ्या अंगावर पडली. म्हातारा विरुद्ध तरणा ठोसेबाज अशी जोडी लागली की अंदाज बांधायचा कसा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सहा जणांची म्हणजे जादा पाव धरून खिसा चांगलाच हलका झाला असणार. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, तिच्यापासून सुरू करतो. हे दोघं आधी एकदा भेटले होते. ऑगस्ट २०२३मध्ये पोलंडमधल्या व्रॉत्सवाफला उसिकने डुब्वाला नवव्या राउंडमध्ये थांबवलं होतं. त्या लढतीत कमरेखालच्या ठोशावरून वाद झाला आणि लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. उरलेले राउंड कसे गेले ते कुणी बघितलंच नाही. तुम्हीही नाही.

आता वयाचं. ३८ वजा २७ बरोबर ११, वजाबाकी तुमची बिनचूक आहे. पण बॉक्सर सगळा एकदम म्हातारा होत नाही. आधी पाय जातात. मग नजर आणि हात यांच्यातला धागा सैल होतो. ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी जाते, कधी कधी जातच नाही.

माझंच सांगतो. पलटणीत असताना छत्तिसाव्या वर्षी एका एकोणीस वर्षांच्या पोराबरोबर मी सरावाला उभा राहिलो. दम माझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त होता, सकाळच्या धावण्यात तो रोज माझ्या मागे असायचा. दुसऱ्या राउंडला त्याचं डावं कोपर जरासं वर उचललेलं मला दिसलं. हूक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, येतोय हे कळलं, हनुवटी आत घेऊन उजवा हात गालाशी न्यायचा हेही कळलं. सगळं कळलं, पण हात होता तिथेच राहिला. पुढचं आठवतं ते बनियनवर पडलेलं रक्त आणि त्या पोराचा घाबरलेला चेहरा. हवालदाराचं नाक फोडलं म्हणून आता शिक्षा होणार असं त्याला वाटत होतं. गंमत अशी की त्याचा ठोसा काही जड नव्हता. लवकर आला, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं, की अशी जोडी लागली की तरण्याचे नॉकआऊट मोजू नका. तो किती जोरात मारतो यापेक्षा आत कसा येतो ते बघा. जड हाताचा पण ताठ उभा राहून सरळ चालत येणारा ठोसेबाज म्हाताऱ्याला हवाच असतो, कारण तो विचार करायला वेळ देतो. डोकं हलवत, खालून, झपाट्याने येणारा मात्र त्याला खातो.

यासाठी जुना हेवीवेट जगज्जेता लॅरी होम्सकडे बघा. एकाच माणसाने हा सामना सगळ्या बाजूंनी खेळलाय. जानेवारी १९८८मध्ये अटलांटिक सिटीत तो ३८ वर्षांचा आणि समोर २१ वर्षांचा माइक टायसन. चौथ्या राउंडमध्ये होम्स तीनदा पडला आणि खेळ संपला. होम्सच्या सगळ्या कारकिर्दीतला हा एकच नॉकआऊट पराभव. फेब्रुवारी १९९२मध्ये गाव तेच, होम्स आता ४२चा. समोर रे मर्सर, ऑलिंपिक सुवर्णवाला, अजिंक्य. चार महिन्यांपूर्वीच त्याने टॉमी मॉरिसनला दोरावर टेकवून असा बडवला होता की बघवत नव्हतं. सगळे म्हणाले, म्हातारा मरणार. म्हातारा जाऊन कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहिला! पाय गेलेत हे त्याला ठाऊक होतं, मग पळायचं कशाला? मर्सर सरळ चालत यायचा, होम्स डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ आखूड ठोसा, त्याच्या तोंडावर ठेवायचा आणि मागून उजवा सोडायचा. मध्येच रिंगबाहेरच्या कॅमेऱ्याशी गप्पाही मारून घेतल्या. बारा राउंड झाले आणि तिन्ही पंचांनी होम्सला विजयी ठरवलं.

अडतिसाव्या वर्षी हरला, बेचाळिसाव्या वर्षी जिंकला. वयाच्या हिशेबाने हे उलटं व्हायला हवं होतं. टायसनच्या वेळी होम्स पावणेदोन वर्षं रिंगबाहेर होता हे खरंच, आणि तेही बघायचंच असतं. पण मोठा फरक समोरच्याच्या येण्यात होता.

जॉर्ज फोरमनचंही तेच. ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. तो ४५चा, समोरचा जगज्जेता मायकेल मूरर २६चा आणि डावखुरा. फोरमनने १९७४मध्ये आफ्रिकेतल्या झाइरला मुहम्मद अलीकडून हरताना घातलेली तीच लाल चड्डी चढवली होती. नऊ राउंड तिन्ही पंचांच्या कागदावर तो मागे. मूररचे हात चलाख होते, पण गडी जागचा हलत नव्हता. दहाव्यात फोरमनने एक आखूड उजवा सोडला, हातभरही लांब नसेल, आणि मूरर उताणा. त्या रात्री मी मूररच्या बाजूने होतो. नऊ राउंड माझं बरोबर होतं.

तुमच्या डुब्वाकडे या नजरेने बघा. हात घणासारखे, पण उभा ताठ. उसिक डावखुरा, आणि त्याचे पाय अजून शाबूत. जोशुआ त्या दिवशी डुब्वासमोर उभा राहून मारामारी करत बसला, म्हणून पडला. उसिक उभा राहणारच नव्हता.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही उठून प्रत्येक म्हाताऱ्यावर मिसळ लावाल. म्हाताऱ्याच्या आधीच्या दोन लढती बघा. मोकळी जागा दिसल्यावर त्याचा हात सुटतोय का? नोव्हेंबर २०१५ला ड्युसेलडॉर्फमध्ये व्लादिमीर क्लिच्को टायसन फ्युरीसमोर बारा राउंड नुसता बघत राहिला, हात सुटेचना. म्हणून एप्रिल २०१७ला ४१ वर्षांचा क्लिच्को २७ वर्षांच्या जोशुआसमोर वेम्बलीत उतरला तेव्हा मी सांगून टाकलं, चार राउंडांत आटपेल. पहाटे उठून बघितलं. पाचव्यात क्लिच्को पडला, सहाव्यात त्याने उजव्या हाताने जोशुआला पाडलं! शेवटी अकराव्या राउंडला जोशुआच्या अपरकटने, म्हणजे खालून हनुवटीवर येणाऱ्या ठोशाने, त्याची मान छताकडे वळवली, ती रात्र संपली. जिंकणारा मी बरोबर सांगितला, बाकी सगळं चूक. क्लिच्कोने म्हणे आपलं भाकीत रेकॉर्ड करून तो पेनड्राइव्ह झग्यात शिवून ठेवला होता. हुशार माणूस. मी चहाच्या टपरीवर मोठ्याने बोललो होतो.

आणि फोटोवर जाऊ नका. ऑक्टोबर १९८०ला अली ३८व्या वर्षी होम्सशी लढायला उतरला तेव्हा पोट सपाट, केस काळेभोर, एकदम जुना अली. आम्ही बराकीत त्याच्यावर आठवड्याचा रमचा कोटा लावला. वजन उतरलं होतं त्यात थायरॉइडच्या गोळ्यांचा हात होता, हे पुढे कळलं. दहा राउंड होम्स त्याला मारत होता आणि लढत थांबवा म्हणून रिंगमधल्या पंचाला विनवत होता, कारण एकेकाळी तो अलीचाच सरावाचा जोडीदार. त्या आठवड्यात आम्ही लिंबूपाणी प्यालो.

प्रश्न : असे चाळिशीतले लढवय्ये हेवीवेटमध्येच जास्त का दिसतात?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : व्यावसायिक हेवीवेटला २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या वर कितीही चालतं. खालच्या गटातल्या पोरांना दर लढतीआधी उपाशी राहून, घाम गाळून वजन उतरवावं लागतं. चाळिशीत ते शरीर ऐकत नाही. शिवाय तिथे सगळा खेळ वेगाचा. अपवाद बर्नार्ड हॉपकिन्स. २०११मध्ये ४६व्या वर्षी त्याने लाइट हेवीवेट या खालच्या गटाचा किताब जिंकून सगळ्यात वयस्क जगज्जेता होण्याचा फोरमनचा विक्रम मोडला. पण तो माणूस गोड खात नव्हता. माझ्याच्याने ते झालं नसतं.

प्रश्न : नोव्हेंबर २०२४ची माइक टायसन विरुद्ध यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल ही लढत तुमच्या या हिशेबात कुठे बसते?
— एक वाचक, परभणी

उत्तर : कुठेच नाही. ५८ विरुद्ध २७, राउंड दोन-दोन मिनिटांचे आठच, ग्लव्ह नेहमीपेक्षा जाड. पहिल्या राउंडला टायसन थोडा टायसन दिसला, मग पाय संपले आणि तो आपलाच ग्लव्ह चावत फिरत होता. पॉलनेही फार मारलं नाही. आपल्याकडे शनिवारची सकाळ होती. सहाव्या राउंडला मी टीव्ही बंद केला आणि दळण आणायला गेलो.