कम्युनिटी कॉलेजातून यूसीत: एजंट ‘गॅरंटीड’ म्हणतो तेव्हा

मुलगी बारावी सायन्स झाली, आधी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेज (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं कॉलेज), मग यूसीच्या म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कले कॅम्पसमध्ये कॉम्प्युटर सायन्स, आणि एजंट म्हणतो प्रवेश गॅरंटीड, असं तुम्ही विचारलंय. बर्कलेला गॅरंटी नाही. टॅग ही कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना प्रवेशाची हमी देणारी योजना यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ इथेच आहे. टॅगचा अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो, आणि काही मेजर (पदवीचे मुख्य विषय) त्यातून वगळलेली असतात. बर्कलेला अर्ज जरूर करा, पण तिचं मेजर जिथे टॅगमध्ये आहे असा एक कॅम्पस हाताशी ठेवा.

ट्रान्सफरला, म्हणजे कॉलेजातून यूसीत जायला, 60 सेमिस्टर युनिट (कोर्सचे क्रेडिट) लागतात, पण ती कुठलीही चालत नाहीत. फी भरण्याआधी ‘असिस्ट’ ही अधिकृत साइट उघडा. कॉलेज, कॅम्पस, मेजर निवडलं की डावीकडे यूसीचा विषय आणि उजवीकडे त्याच्या जागी चालणारा कॉलेजचा कोर्स दिसतो. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असेल, तर तो विषय त्या कॉलेजात भरून निघत नाही. दोन-तीन कॉलेजं अशी ताडून बघा.

बहुतेकांचं गाडं गणितात अडतं. कॅल्क्युलसचे कोर्स एकामागून एकच घेता येतात. पहिल्या सेमिस्टरला प्रीकॅल्क्युलस घेतलं की पुढचं सगळं एक सेमिस्टर मागे सरकतं आणि लिनिअर अल्जिब्रा शेवटी कोंबावं लागतं. बारावीत इंटिग्रेशन झालंय, तेव्हा मार्कशीट दाखवून थेट कॅल्क्युलस मागा. इंग्रजी कॉम्पोझिशनचे दोन कोर्सही लागतात, प्रत्येकात किमान सी ग्रेड. बाहेरच्या विद्यार्थ्याला ग्रेडची सरासरी (जीपीए) किमान 2.8 हवी, टॅगला त्याहून जास्त.

टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात, 1 ते 30 तारखेत. त्यानंतर यूसीचा मुख्य अर्ज वेगळा भरावा लागतो. तो राहिला तर टॅगचा उपयोग नाही. जानेवारीत नवे ग्रेड कळवायचे असतात, तेही विसरू नका.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर दर सेमिस्टरला 12 युनिट हवीत आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो. विषय जड वाटला म्हणून तिने परस्पर सोडला आणि 11 युनिट उरली, तर व्हिसाचं स्टेटस जातं. आधी इंटरनॅशनल ऑफिसात विचारायचं. किती वर्षं राहिली तरी एफ-1 वर स्थानिकांची फी लागू होत नाही, म्हणून चारही वर्षांचा हिशोब बाहेरच्या दरानेच मांडा.