कचऱ्याच्या खोलीवरचं घर

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती आली होती झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं, फ्लॅट पहिल्या मजल्यावर आणि बेडरूमच्या खिडकीखालीच सोसायटीची कचऱ्याची खोली. बाळ सात महिन्यांचं. खिडक्या दिवसरात्र बंद, फटींना चिकटपट्टी, बाळाचे कपडे दोन-दोनदा धुणं. नवऱ्याशी रोजची खडाजंगी: तिचं म्हणणं घर विकू या, त्याचं म्हणणं हे सगळे मनाचे खेळ.

"मॅडम, वास येतो म्हणजे जंतू आत येतातच ना?"

हा प्रश्न अनेकजण विचारतात, आणि तो वेडगळ मुळीच नाही. दुर्गंधीतूनच रोग पसरतात असं एकोणिसाव्या शतकात भलेभले मानत. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नो यांनी रोग दूषित पाण्यातून पसरतो असं म्हणत पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं, तेव्हाही अनेकांना ते पटलं नव्हतं. पण वास म्हणजे जंतू नव्हेत. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. नाकाला तो इतका थोडा असतानाच कळतो, की अपायाची पातळी त्याच्या कितीतरी पट वर असते. अर्थात त्या वासानं मळमळ, डोकेदुखी, झोपमोड होतेच. नवऱ्याला मी हे स्पष्ट सांगितलं.

तिला म्हटलं, एक वही करा. वासाबद्दल त्यात काही लिहू नका. माश्या, झुरळं, उंदराच्या लेंड्या, धूर, आणि कचरा कधी उचलला, एवढंच टिपा. कचऱ्यातून आजार घरात येतो तो बहुतेक या वाटांनी.

वहीत दोन गोष्टी निघाल्या. माश्या वाढत त्या कचरा आठवडाभर पडून राहिला की. उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा डबे रिकामे करून धुतले तरी ही साखळी तुटते. रोज उचलला तर उत्तमच. दुसरी गोष्ट तिला रुचली नाही: झुरळं खालून येत नव्हती, तिच्याच सिंकखाली होती. झुरळांची विष्ठा दम्याला चेतवते. शिवाय बंद खोलीत दमट हवा कोंडून पाळण्यामागच्या भिंतीला बुरशी धरली होती. माझ्या मते बाळाला खरा त्रास व्हायचा तर या बुरशीचा.

"वास येतो" ही तक्रार सेक्रेटरींनी आजवर कानाआड केली होती. "रविवारी झाकण उघडं, डब्यात अळ्या" अशी तारीखवार नोंद पाहिल्यावर झाकणाचे डबे आले, दाराखाली रबरी पट्टी बसली, खिडकीला जाळी लागली. वाळका पालापाचोळा प्लास्टिकसकट पेटवणंही थांबलं. त्या धुराबद्दल मात्र तिची भीती अगदी रास्त होती.

बाळाच्या छातीत घरघर, सततचा खोकला किंवा वारंवार जुलाब दिसले तर वहीत लिहीत बसू नका, थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा, हेही बजावलं.

घर विकायचा विचार तिनं सोडलेला नाही. मीही सोडा म्हटलं नाही. रात्री दोन वाजता भांडून ठरवू नका, दुपारी बसून बोला, एवढंच सांगितलं.