एकच आत्मचरित्र आणि ग्रुपमध्ये दोन तट

प्रश्न : ताई नमस्कार, अमळनेरला आमचा बायकांचा छोटा वाचन ग्रुप आहे. यावेळी पु. ल. देशपांडेंच्या पत्नी सुनीताबाईंचं आत्मचरित्र 'आहे मनोहर तरी' वाचलं आणि त्यावर बोलायला शेतात भरीत पार्टी ठेवली, तर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून व्हायच्या आत वाद पेटला. माझी जाऊ म्हणे बाईने खरं लिहिलं, हिंमत लागते. आमच्यातल्या रिटायर्ड मॅडम एवढ्या चिडल्या की म्हणाल्या, "घरनी गोट घरमाच ऱ्हावाले जोयजे," म्हणजे घरातली गोष्ट घरातच राहायला हवी, पुलंसारख्या एवढ्या मोठ्या माणसाबद्दल असं लिहितात का! आता दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. पुस्तक तर एकच, मग बरोबर कोण?

उत्तर : अहो, १९९० साली हे पुस्तक आलं तेव्हा घराघरात हेच झालं होतं, आणि पुलं तेव्हा हयात होते म्हणून तर जास्तच. मॅडमच्या पिढीने पुलंना कॅसेटवर ऐकत, हसत वर्षं काढली, त्यांना ते आपल्या घरातलेच वाटतात, मग सुनीताबाईंची प्रत्येक तक्रार ही आपल्या माणसावर घेतलेला आळ वाटणारच. तुमच्या जाऊबाईंना पुलं दिसण्याआधी ती बाई दिसते, पाहुणे, हिशोब, कागदपत्रं, नवऱ्याचं नाव सगळं सांभाळणारी, आणि हे कुणी विचारलंच नाही म्हणून शेवटी स्वतः लिहायला बसलेली. मी जाऊबाईंच्या बाजूची आहे, स्पष्टच सांगते, कारण त्या पुस्तकात सुनीताबाई स्वतःलाही सोडत नाहीत आणि चिडलेल्या वाचकाच्या नजरेतून नेमकं तेच निसटतं. पण मॅडमचा राग खोटा नाही हो, तो प्रेमातून आलाय.

एक करा, मॅडमना लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आठवतंय का विचारा. तिथेही नवरा, ना. वा. टिळक, मोठा कवी, तापट, पैशाचा हिशोब नाही, न सांगता घरातून निघून जाणारा, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा बायकोची काय दशा झाली ते सगळं लिहिलंय. म्हणजे घरातलं बाहेर आलंच की! तरी लक्ष्मीबाईंवर फारसं कुणी चिडत नाही. टिळक १९१९ ला गेले आणि पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं हे एक कारण, पण मला वाटतं खरं कारण त्यांचा सूर, त्या हसत हसत सांगतात आणि वाचणाऱ्याचा राग तिथेच विरघळतो. सुनीताबाई हसवून सोडत नाहीत, उलटतपासणी घेतात, ती काहींना झेपत नाही.

पुढच्या वेळी दोघींना पुस्तकातलं एकेक पान निवडून आणायला सांगा, जिथे राग आला किंवा जिथे पटलं ते, आणि मोठ्याने वाचून त्या पानावरच बोला. पुलं खरे कसे होते हा विषय नकोच, त्या घरात आपल्यातलं कुणी राहिलेलं नाही. आणि पहिलं पान मॅडमना वाचू द्या.