गोव्यातल्या कंपन्यांचा ऑरगॅनिक हर्बल चहा खरंच ऑरगॅनिक असतो का? इतका महाग का? आणि त्याने शुगर उतरते का?

असतो. निदान आमच्या सत्तरी तालुक्यातून जी कंपनी गवती चहा उचलते तिचा तरी असतो. छातीठोकपणे सांगते, कारण तिनेच आमचा माल परत पाठवला.

आमचा गवती चहा काजूच्या बागायतीला लागून. बागायत सामाईक. थोरले भावोजी म्हापशाला नोकरीला, डोंगरावर उगवायचे ते काजूच्या तोंडावर. गवती चहा वर्षानुवर्षं टिकणारं पीक, म्हणून प्रमाणपत्राआधी 3 वर्षं रसायनाचा थेंब चालत नाही. आमच्या पीजीएस गटात, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या ऑरगॅनिकची हमी द्यायच्या गटात, आम्हीच एकमेकींची शेतं तपासतो. अडीच वर्षं मी हाताने तण उपटलं. तिसऱ्या दिवाळीनंतर भावोजींनी काजूखालचं रान साफ करायला तणनाशक मारलं, कुणाला न विचारता. दहाएक दिवसांनी गटातल्या बायका पाहणीला आल्या, तर सगळा डोंगर हिरवागार आणि आमच्या मेरेपासून चार हात आतपर्यंत पाती पिवळी. कुणी बोललं नाही. शेजारणीने एक पातं चुरगळून हुंगलं आणि वहीत लिहिलं. झालं, पहिल्यापासून 3 वर्षं! कंपनीने नोंद वाचली आणि सुकवलेली सहा पोती दारातून परत.

भावोजी अजून म्हणतात, "एका फवाऱ्याने काय होतंय? पावसात धुऊन गेलं असतं." दिवाळीनंतर कुठला हो पाऊस? आमचे हे त्या दिवशी सोलकढीच्या वाटीत बघत बसले होते, आजही तेच.

महाग का, तर चार किलो ओल्या पातीचा जेमतेम किलोभर सुका माल होतो. कडक उन्हात वास उडतो, सावलीत आपल्या दमट हवेने बुरशी धरते. ड्रायर फुकट येत नाही.

घेताना डब्यावर 'जैविक भारत'चं, म्हणजे सरकारमान्य ऑरगॅनिकचं, चिन्ह आणि 14 आकडी एफएसएसएआय नंबर बघा. नुसतं हिरव्या अक्षरांत 'नॅचरल' म्हणजे काहीच नाही. हां, बाजारात स्वतःच्या शेतातलं थेट विकणाऱ्या बाईला त्या चिन्हाची सक्ती नाही, तिच्याशी हुज्जत घालू नका. आणि सगळ्याच कंपन्या मी पाहिलेल्या नाहीत.

शुगरचं म्हणाल तर बिनसाखरेचा प्यालात की कपातली साखर वाचते, तेवढंच. 'मधुमेह बरा होतो' अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तसं छापणाऱ्याचा डबा तिथेच ठेवा. गोळ्या बंद करू नका.

स्वतः लावायचा विचार असेल, तर रोपांआधी एक-चौदाचा उतारा (आमच्या गोव्यातला सातबारा) काढा आणि नावं मोजा. आमच्या उताऱ्यावर अजून दोन आहेत, आणि वाटणीचा विषय काढला की ह्यांना नेमकं काजूंना पाणी घालायचं आठवतं.