वाचक विचारतात : परवाना परीक्षेचे सराव प्रश्न

प्रश्न : वैद्यकीय परवाना परीक्षेसाठी रोज ८० एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) सोडवतो, प्रत्येकाचं स्पष्टीकरणही वाचतो. तरी दीड महिना गाडी ५८-६० टक्क्यांवरच अडली आहे. क्वेश्चन बँक बदलू का?

उत्तर : बँक तीच ठेवा, रोजचे प्रश्न ४० करा. स्पष्टीकरण वाचताना सगळं पटत जातं आणि तिथेच फसगत होते. वाचलेलं पटणं सोपं. कोरी केस समोर आल्यावर तेच आठवणं अवघड. उरलेला वेळ चुकीच्या पर्यायांना द्या. प्रत्येकाला विचारा, ‘हा बरोबर ठरायला प्रश्नात काय बदलावं लागेल?’

उदाहरणार्थ, डायलिसिस चुकलेला रुग्ण, रक्तातलं पोटॅशियम ७.२ म्हणजे धोकादायक जास्त, ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लाट) रुंद. सर्वांत आधी काय द्याल? इन्सुलिन-ग्लुकोज, कॅल्शियम ग्लुकोनेट, सालब्युटामॉल की डायलिसिस? पुष्कळ जण इन्सुलिनवर खूण करतात, कारण ‘पोटॅशियम उतरवायचं’ एवढंच डोक्यात असतं. उत्तर कॅल्शियम. ते पोटॅशियम जराही उतरवत नाही. हृदयाच्या पेशींचं पटल काही मिनिटांत स्थिर करतं. हा परिणाम टिकतो जेमतेम ३० ते ६० मिनिटं. तेवढ्यात इन्सुलिनने पोटॅशियम पेशींत ढकलायचं.

आता केस तीच ठेवून फक्त शेवटची ओळ बदला. ‘कॅल्शियमनंतर ईसीजी सुधारला, पुढे काय?’ इन्सुलिन-ग्लुकोज. ‘शरीरातलं एकूण पोटॅशियम कशाने कमी होईल?’ डायलिसिस, कारण इन्सुलिन आणि सालब्युटामॉल पोटॅशियमची फक्त जागा बदलतात. एका केसमधून तीन प्रश्न निघाले. म्हणूनच शेवटची ओळ आधी वाचा, मग केस, आणि पर्याय झाकून ठेवून स्वतःचं उत्तर ठरवा.

चुकांच्या वहीत स्पष्टीकरण उतरवून घेऊ नका. एका ओळीत चूक कशी झाली ते लिहा : माहीत नव्हतं, आठवलं नाही, की नीट वाचलं नाही. पहिल्याला पुस्तक लागतं, दुसऱ्याला उजळणी. तिसरीला सगळे ‘सिली मिस्टेक’ म्हणून सोडून देतात, आणि ‘वगळता’ किंवा ‘सर्वांत आधी’ हे शब्द नजरेतून सुटून तीच चूक पुन्हा होते. चुकलेले प्रश्न दोन-तीन दिवसांनी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी सोडवा. तोवर ‘उत्तर सी होतं’ एवढंच लक्षात राहिलेलं असू शकतं, म्हणून पर्याय उघडण्याआधी कारण मोठ्याने सांगा.

प्रश्न : सेन्सिटिव्हिटी (आजारी माणसांतले किती पॉझिटिव्ह येतात) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी माणसांतले किती निगेटिव्ह येतात) यांची सूत्रं पाठ आहेत, तरी पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी किती) विचारली की गोंधळ उडतो.

उत्तर : सूत्र विसरा, १००० माणसं कागदावर उभी करा. समजा आजाराचं प्रमाण १ टक्का, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी दोन्ही ९० टक्के. आजारी १०, त्यांतले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यांतले ९९ चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९, म्हणजे सुमारे ८ टक्के. घाईत ९० टक्के लिहिणारे निरोगी माणसांची संख्या विसरलेले असतात. आजाराचं प्रमाण ५० टक्के धरून हेच गणित करा : ४५० खरे, ५० चुकीचे, उत्तर ९० टक्के. चाचणी तीच, फक्त आजाराचं प्रमाण बदललं. दोन-चारदा असं केलं की ही मांडणी आपोआप सुचते, मिनिटभरही लागत नाही.

प्रश्न : पहिलं उत्तर बदलू नये म्हणतात, ते खरं का?

उत्तर : नाही. या विषयावरच्या अभ्यासांत बदललेली उत्तरं चुकीकडून बरोबरकडे जास्त वेळा गेलेली दिसतात. बरोबर उत्तर खोडून चूक केल्याची चुटपुट मात्र जास्त लक्षात राहते. बदलण्याआधी कारण बोटावर सांगता आलं पाहिजे : ‘गर्भवती आहे हे मघाशी वाचलंच नव्हतं.’ नुसती धाकधूक असेल तर पेन खाली ठेवा.